सलाईनवरची काळी पिशवी कशासाठी?

एप्रिल-मे महिन्यांत सांगोल्याच्या माळरानातून जाताना आंबे बहाराच्या डाळिंबाच्या बागा पांढऱ्या कापडाखाली झाकलेल्या दिसतात. उन्हाचा चट्टा पडला की फळाचा भाव पडतो, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण हाच शेतकरी घरातल्या माणसाला केमोथेरपीसाठी घेऊन बार्शीला, सोलापूरला किंवा मिरजेला जातो, तेव्हा वॉर्डातले एक दृश्य पाहून तो कोड्यात पडतो. शेजारच्या खाटेवरची सलाईन उघडी आहे आणि आपल्या रुग्णाची मात्र काळ्या पिशवीत झाकलेली आहे.

"सिस्टर, आमच्याच बाटलीवर ही काळी पिशवी कशाला ओ?"

"औषधाला उजेड चालत नाही, मावशी. काढू नका हं."

वॉर्डात सिस्टरला एवढेच सांगायला वेळ असतो. मग उरलेले उत्तर नातेवाईक आपल्या मनाने तयार करतात. कोणाला वाटते, औषध फार जहाल असेल म्हणून ते नजरेआड ठेवले आहे. कोणाला वाटते, ही केवळ दवाखान्याची पद्धत असेल. थेंब नीट पडतात का ते पाहावे म्हणून एखादा पिशवी हळूच वरही सरकवतो. यातले शेवटचे काम टाळलेच पाहिजे. ते का टाळायचे, याचे उत्तर प्रकाश, पाणी, प्राणवायू आणि औषधाचा रेणू या चौघांच्या एकत्र येण्यात आहे.

उजेडाने औषधाचे काय होते?

बाटलीतले औषध पाण्यात विरघळलेले असते आणि त्या पाण्यात हवेतला थोडा प्राणवायूही मुरलेला असतो. अंधारात हे सगळे बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने नांदते. प्रकाश पडला की चित्र बदलते. काही औषधांच्या रेणूंची रचना अशी असते, की ते विशिष्ट रंगाचा किंवा अतिनील प्रकाश शोषून घेतात. शोषलेल्या ऊर्जेमुळे रेणू उत्तेजित होतो आणि ही जास्तीची ऊर्जा त्याला कुठेतरी टाकावी लागते. कधी तो ती पुन्हा प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो, कधी उष्णतेच्या रूपाने. कधी तो स्वतःच तुटतो. आणि कधी ती ऊर्जा किंवा आपल्याकडचा एखादा इलेक्ट्रॉन शेजारच्या प्राणवायूला देऊन टाकतो.

खरा गोंधळ इथे सुरू होतो. रेणूंमधले इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. ज्या रेणूत किंवा अणुगटात एखादा इलेक्ट्रॉन जोडीविना उरतो, त्याला मुक्त मूलक म्हणतात. बोलीत आपण त्याला फ्री रॅडिकल म्हणतो. जोडीतला एक बैल गेला की उरलेला दावे तोडून सैरभैर व्हावा, तसे या मूलकाचे असते. ते समोर येईल त्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते. ज्याचा इलेक्ट्रॉन गेला तो मग नवा मूलक बनतो आणि साखळी पुढे चालू राहते.

प्राणवायूला एक जादा इलेक्ट्रॉन मिळाला की सुपरऑक्साइड हे मूलक तयार होते. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते, म्हणजे जखम धुताना फसफसणारे तेच द्रव्य. पाण्यात लोह किंवा तांब्याचा अंश असला तर त्यातून हायड्रॉक्सिल मूलक तयार होऊ शकते. या सगळ्यांत ते सर्वात उतावळे. पेशीत त्याचे आयुष्य एका सेकंदाच्या अब्जांशाच्या आसपास असते, कारण तयार झाल्या जागीच ते कशावर तरी झडप घालते. दुसऱ्या वाटेने प्राणवायूला इलेक्ट्रॉन न मिळता नुसती ऊर्जा मिळाली, तर सिंगलेट ऑक्सिजन हा प्राणवायूचा खवळलेला अवतार तयार होतो. तो मुक्त मूलक नाही, पण नासधूस करण्यात मागेही नाही.

हे फक्त प्रयोगशाळेत घडते असे नाही. दुधाची बाटली उन्हात राहिली की दुधाला विचित्र वास येतो. दुधातले रायबोफ्लेविन, म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी एक, प्रकाश शोषते आणि दुधातल्या प्रथिनांचे व स्निग्धांशाचे ऑक्सिडीकरण घडवून आणते. खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटलीही याच कारणासाठी तपकिरी असते.

म्युनिकमधले पाणी आणि प्रकाश

प्रकाश, पाणी आणि रसायन यांचे हे त्रिकूट किती जालीम असू शकते, हे प्रथम लक्षात आले ते योगायोगाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी प्राध्यापक हेरमान फॉन टापाइनर यांच्या हाताखाली काम करत होता. हिवतापावरील औषधांच्या शोधात तो पाण्यातल्या पॅरामेशियम या एकपेशीय जिवांवर ॲक्रिडीन या रसायनाचा परिणाम पाहत होता. रसायनाचे प्रमाण तेच ठेवूनही निकाल मात्र जुळेनात. कधी जीव तास-दीड तासात मरत, तर कधी त्याच्या कितीतरी पट वेळ तगून राहत. शेवटी उलगडा झाला, की फरक खोलीतल्या उजेडाचा होता. आभाळ भरून आलेल्या दिवशी जीव तगत, लख्ख उजेडात मरत. नुसत्या प्रकाशाने ते मरत नव्हते आणि तेवढ्या सौम्य द्रावणात नुसत्या रसायनानेही लवकर मरत नव्हते. दोन्ही एकत्र आले की मात्र त्यांचा निभाव लागत नव्हता.

राबने हे निरीक्षण १९०० साली प्रसिद्ध केले. या क्रियेला प्राणवायू लागतो, हे टापाइनर यांच्या गटाने पुढच्या काही वर्षांत दाखवून दिले. सलाईनवरच्या काळ्या पिशवीमागचे तत्त्व इतके जुने आहे.

सह्याद्रीतला नरक्या आणि नंदुरबारचे वाणी

कर्करोगाच्या ज्या औषधांवर प्रकाशाच्या या परिणामाचा बारकाईने अभ्यास झाला, त्यातल्या एकाचे धागे थेट महाराष्ट्राशी जुळतात. त्याचे नाव कॅम्पटोथेसिन.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले आणि १९६२ साली इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. या दोघांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळच्या चीनमधल्या एका झाडापासून वेगळे केलेल्या कॅम्पटोथेसिनची रचना १९६६ साली जगापुढे ठेवली. पुढे १९७१ मध्ये याच जोडीने टॅक्सॉलची रचना प्रसिद्ध केली. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगात टॅक्सॉल आज जगभर वापरले जाते. वाणी २०२० साली वयाच्या ९५व्या वर्षी वारले. ज्यांच्या कामातून दोन मोठ्या औषधांची घराणी निघाली, तो माणूस खानदेशातला होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

१९७२ साली आणखी एक गोष्ट घडली. मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी हेच कॅम्पटोथेसिन सह्याद्रीतल्या एका झाडात असल्याचे दाखवून दिले. ते झाड म्हणजे नरक्या. त्याच्या फुलांच्या उग्र वासावरूनच त्याला हे नाव पडले असावे. काही भागांत त्यालाच अमृता असेही म्हणतात. एकाच झाडाला नरक आणि अमृत अशी दोन्ही नावे मिळावीत, हे त्याच्या गुणांना साजेसेच आहे. परदेशातून मागणी वाढली तशी पश्चिम घाटात नरक्याची बेसुमार तोड आणि तस्करी झाली. आज हे झाड धोक्यात आहे.

नरक्यात कर्करोगाचे औषध आहे हे ऐकून कोणी त्याची साल उकळून प्यायला जाऊ नये. कॅम्पटोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून सुरुवातीला त्याचे सोडियम क्षार बनवून रुग्णांना दिले गेले. तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव, रक्तपेशींची घट असे गंभीर त्रास झाले आणि त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. औषध नेमके कुठे काम करते, हे १९८५ साली उलगडले. पेशीतल्या डीएनएला चऱ्हाटासारखा पीळ असतो. पेशी दुभंगताना हा पीळ सैल करावा लागतो. त्यासाठी टोपोआयसोमरेज नावाचे विकर डीएनएचा एक धागा कापते, पीळ सोडवते आणि धागा पुन्हा जोडते. कापून झाल्यावर आणि जोडण्याआधी नेमके कॅम्पटोथेसिन मध्ये पाचर मारून बसते. धागा तुटलेलाच राहतो आणि झपाट्याने वाढणारी कर्करोगाची पेशी मरते. या ज्ञानाच्या जोरावर पाण्यात विरघळणारी दोन भावंडे बनवली गेली. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या दोघांना अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. आतड्याच्या कर्करोगात इरिनोटेकॅन आपल्याकडच्या रुग्णालयांतही दिले जाते. या दोन्ही औषधांच्या कुप्या प्रकाशापासून दूर ठेवाव्यात, अशी सूचना त्यांच्यासोबत असते.

क्षणभंगुर मूलक पकडायचे कसे?

कॅम्पटोथेसिन अतिनील प्रकाशातला ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा भाग चांगला शोषते. हा भाग सूर्यप्रकाशात भरपूर असतो. त्वचा भाजणारे अतिनील-ब किरण खिडकीची साधी काच बऱ्याच अंशी अडवते, पण अतिनील-अ किरण तिच्यातून आत येतात. हा त्यांच्यापैकीच. म्हणजे खिडकी बंद आहे, ऊन अंगाला लागत नाही, तेव्हा औषधालाही काही होणार नाही, हा समज चुकीचा ठरतो.

स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा येथील व्लास्ता ब्रेझोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमका हाच प्रश्न घेतला होता: कॅम्पटोथेसिनवर असा प्रकाश पडला तर कोणती मूलके तयार होतात आणि ती डीएनएचे काय करतात? अडचण अशी, की ही मूलके डोळ्याचे पाते लवायच्या आत नाहीशी होतात. ती पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स हे तंत्र वापरतात. जोडी नसलेला इलेक्ट्रॉन इवल्याशा चुंबकासारखा वागतो. त्याला मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात ठेवून सूक्ष्मलहरींचा मारा केला की तो आपली खूण दाखवतो. शिवाय द्रावणात आधीच एक सापळा ठेवतात. मूलक त्या सापळा-रेणूला चिकटले, की तयार होणारी जोडगोळी मोजता येण्याइतका वेळ टिकते. जमिनीवर पीठ पसरून उंदराच्या पावलांचे ठसे पाहावेत, तसाच हा प्रकार.

अशा अभ्यासांतून दिसले ते असे: प्रकाशाने उत्तेजित झालेले कॅम्पटोथेसिन मूलके आणि सिंगलेट ऑक्सिजन निर्माण करते आणि त्यांच्यामुळे डीएनए तुटू शकतो. म्हणजे हे औषध अंधारात विकराच्या मदतीने डीएनए अडवते, तर उजेडात त्याला दुसरे हत्यार मिळते. हे दुसरे हत्यार मात्र आपला-परका पाहत नाही.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. हे प्रयोग काचेच्या नळीत, नेमक्या प्रकाशाखाली केलेले असतात. रुग्णाच्या शरीरात खोलवर अतिनील प्रकाश पोचत नाही. त्यामुळे इरिनोटेकॅन घेतलेल्या माणसाच्या पोटात उन्हाने मूलकांचा वणवा पेटेल, असा अर्थ यातून काढू नये. हे रसायनशास्त्र आपल्याला दोन ठिकाणी भिडते. एक, शिरेत जाण्याआधी बाटलीत आणि नळीत असलेल्या औषधापाशी. दुसरे, ऊन प्रत्यक्ष जिथे पडते त्या त्वचेपाशी.

बाटली आणि नळी

प्रकाशाने बिघडणाऱ्या औषधाचे दुहेरी नुकसान होते. मूळ औषध कमी होते, म्हणजे रुग्णाला ठरलेली मात्रा मिळत नाही. आणि त्याच्या जागी जे नवे पदार्थ तयार होतात, ते नेहमीच निरुपद्रवी नसतात.

डाकार्बझिन हे याचे ठळक उदाहरण. हॉजकिन लिम्फोमा या लसीका ग्रंथींच्या कर्करोगात ते इतर तीन औषधांबरोबर दिले जाते. प्रकाश पडला की त्याचा रेणू तुटतो. इथे मुख्य वाट प्राणवायूच्या मूलकांची नसून रेणूच्या तुकड्यांची आहे, पण सुरुवात प्रकाशानेच होते. तयार होणारा एक तुकडा शिरेला झोंबतो आणि औषध चालू असताना हातात आग होण्याचे ते एक कारण मानले जाते. म्हणून डाकार्बझिन देताना बाटलीच नव्हे, तर नळीही झाकण्याची पद्धत आहे. कुपीतल्या औषधाचा फिकट रंग गुलाबी झाला तर ते बिघडल्याचे लक्षण समजतात.

मात्र रंगावरून घरच्यांनी निदान करू नये. डॉक्सोरुबिसिन हे मूळचेच लालभडक असते. वॉर्डात पुष्कळ जण त्याला लाल औषध म्हणूनच ओळखतात. ते लाल आहे म्हणजे बिघडले असे मुळीच नाही.

सगळ्याच औषधांना सारखे झाकण लागते असेही नाही. काही औषधांची कुपी फक्त साठवणीत झाकायची असते. बाटलीत मिसळून तासाभरात द्यायचे असेल तर वॉर्डातला साधा उजेड चालतो. काहींना शेवटचा थेंब जाईपर्यंत आडोसा लागतो. काहींना काहीच लागत नाही. औषध कोणते, किती सौम्य केले आहे आणि किती वेळ चालणार आहे, यावर ते ठरते. म्हणून शेजारच्या खाटेवरची बाटली झाकलेली आणि आपली उघडी, किंवा उलट, असे दिसले तर घाबरून जाऊ नये. शंका आली तर सिस्टरला विचारावे, स्वतः पिशवी काढू किंवा घालू नये.

खरी जोखीम बऱ्याचदा रुग्णालयाबाहेर असते. शहरातून महागडे इंजेक्शन विकत घ्यायचे आणि गावाजवळच्या डॉक्टरांकडे नेऊन टोचून घ्यायचे, हे आपल्याकडे सर्रास चालते. मोटारसायकलच्या डिकीत किंवा जीपच्या काचेमागे, उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या त्या खोक्याचे काय होत असेल, याचा विचार करा. प्रकाश आणि उष्णता एकदमच काम करतात. मूळ खोके फेकून देऊन कुपी नुसती खिशात टाकली, तर औषधाचे संरक्षणच काढून घेतले असे होते. तीच गत गोळ्यांची. मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या पट्टीतून काढून पारदर्शक डबीत भरून देवळीत ठेवणे सोयीचे वाटते, पण पट्टी आणि खोके हेच त्यांचे घर आहे.

औषधानंतरचे ऊन

सांगोल्याचा माणूस केमोथेरपी घेऊन दुपारच्या गाडीने घरी येतो आणि दोन दिवसांनी जरा बरे वाटले की बागेत जाऊन उभा राहतो. मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशीच्या वर असतो. या वेळी त्याच्या रक्तात आणि त्वचेत औषधाचा काही अंश असू शकतो आणि त्वचा हा शरीराचा असा भाग आहे जिथे प्रकाश थेट पोचतो.

५-एफयू, त्याच घराण्यातल्या कॅपेसिटाबाइनच्या गोळ्या, मेथोट्रेक्सेट आणि डाकार्बझिन यांच्यामुळे काही रुग्णांची त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील होते. थोड्या उन्हानेही लाली, आग, पुरळ किंवा काळे डाग उठतात. मेथोट्रेक्सेटची तर वेगळीच तऱ्हा आहे. उन्हाने आधी भाजलेली आणि बरी होत आलेली जागा ते घेतल्यावर पुन्हा पेटू शकते. या सगळ्यांचे कारण एकच नाही. कुठे प्रकाशाने तयार झालेली मूलके असतात, तर कुठे पेशींची दुरुस्ती करण्याची ताकद औषधाने कमी केलेली असते. सांभाळायचे मात्र सारखेच: सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात उघड्यावर काम टाळावे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत, टोपी, टॉवेल किंवा पदर घ्यावा आणि डॉक्टरांना विचारून सनस्क्रीन लावावे. उन्हाला घाबरून घरात कोंडून घेण्याचीही गरज नाही. सकाळची कोवळी उन्हे आणि संध्याकाळची फेरी रुग्णाच्या मनाला आणि शरीराला हवीच असते.

औषधाचा अंश लघवी, शौच, घाम आणि उलटीतूनही बाहेर पडतो. केमोथेरपीनंतर साधारण ४८ तास शौचालयात झाकण लावून दोनदा पाणी सोडावे, फ्लश नसेल तर बादलीभर जास्त पाणी ओतावे. रुग्णाचे खराब झालेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत आणि घरातल्या गरोदर बाईने हे काम करू नये. उरलेले औषध ओढ्यात, कालव्यात किंवा मोरीत ओतू नये. ऊन त्याला नष्ट करील असे समजू नका. पाण्यातल्या औषधाचा रेणू प्रकाशाने तुटला, तरी तुकडे निरुपद्रवी असतीलच याची खात्री नसते. उरलेली औषधे ज्या रुग्णालयातून घेतली तिथेच परत द्यावीत.

मग डाळिंब खावे का?

फ्री रॅडिकल म्हटले की अँटिऑक्सिडंट हा शब्द पाठोपाठ येतोच. आणि अँटिऑक्सिडंट म्हटले की सांगोल्यात डाळिंबाचा विषय निघणारच. देशातील शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी पश्चिम बंगालमधील शालिमारला निघाली, ती सांगोल्याहूनच. डाळिंबात मूलकांना शांत करणारी द्रव्ये भरपूर असतात, हे खरे आहे. त्यावरून केमोथेरपीच्या काळात डाळिंबाचा अर्क, जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा आणि अँटिऑक्सिडंटची पावडर घ्यावी, असा सल्ला नातेवाईकांकडून आणि मोबाइलवरून येत असतो.

इथे थोडे थांबून विचार करावा. मूलके नेहमीच शत्रू नसतात. रेडिएशनच्या उपचारात क्ष-किरण शरीरातल्या पाण्याचे रेणू फोडतात आणि तयार झालेली हायड्रॉक्सिल मूलके कर्करोगाच्या पेशींचा डीएनए तोडतात. या उपचाराचा मोठा परिणाम त्यांच्यामुळेच होतो. काही औषधेही आपल्या कामाचा काही भाग मूलकांकरवी करतात. याउलट, डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर जो दुष्परिणाम होतो, त्यामागेही मूलकांचा हात असल्याचे मानले जाते, आणि तिथे प्रकाशाचा काही संबंध नसतो. म्हणजे तेच मूलक एका जागी उपचार असते आणि दुसऱ्या जागी इजा. अशा वेळी बाहेरून मोठ्या मात्रेत अँटिऑक्सिडंट घेतले, तर ते कोणाच्या बाजूने लढेल हे सांगता येत नाही. म्हणून जेवणातले धुऊन, सोलून घेतलेले फळ ही एक गोष्ट आणि गोळ्या, अर्क, पावडर ही दुसरी. दुसरी गोष्ट उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

हाच विस्तव चुलीत

वणवा लावणारा विस्तव चुलीत घातला की भाकरी भाजतो. प्रकाशाने होणाऱ्या या क्रियेचेही तसेच आहे. कोडावर बावचीच्या बियांचे तेल लावून उन्हात बसण्याची आपली पद्धत फार जुनी आहे. बावचीतल्या सोरालेन या द्रव्यावर अतिनील-अ किरण पडले की ते डीएनएला घट्ट चिकटते. आधुनिक वैद्यकाने हेच द्रव्य आणि मोजून दिलेले अतिनील-अ किरण एकत्र करून सोरायसिस, कोड आणि त्वचेच्या एका प्रकारच्या लिम्फोमावर उपचार तयार केले. मात्र मोजमाप नसेल, तर बावची लावून सांगोल्याच्या दुपारी बसणे म्हणजे अंगावर फोड आणण्यासारखेच आहे.

राबच्या पॅरामेशियमचे तत्त्वही आता थेट कर्करोगाविरुद्ध वापरले जाते. फोटोडायनॅमिक थेरपीत रुग्णाला प्रकाश-संवेदी औषध दिले जाते आणि मग फक्त गाठीवर, बारीक तंतूतून नेलेला लाल प्रकाश सोडला जातो. जिथे प्रकाश पडतो तिथेच सिंगलेट ऑक्सिजन आणि मूलके तयार होतात व तिथल्याच पेशी मरतात. अशा पहिल्या औषधाला, फोटोफ्रिनला, १९९३ साली कॅनडात मान्यता मिळाली. ते घेतल्यावर रुग्णाला किमान महिनाभर ऊन कटाक्षाने टाळावे लागते. औषधाला उजेड कधी दाखवायचा आणि कधी नाही, हे डॉक्टरांना नेमके ठाऊक असते, म्हणूनच हा उपचार जमतो.

काळ्या पिशवीचा अर्थही एवढाच. आत विष आहे म्हणून ती घातलेली नाही आणि केवळ रीत म्हणूनही नाही. बाटलीत घातलेले औषध शेवटच्या थेंबापर्यंत तेच औषध राहावे, यासाठी ती आहे. फळावर चट्टा पडू नये म्हणून बागेवर कापड टाकणाऱ्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये.

लक्षात ठेवा

• सलाईनवरचे किंवा नळीवरचे आवरण स्वतः काढू नका. थेंब पाहायचे असतील तर सिस्टरला बोलवा.

• औषध चालू असताना हातात आग, सूज किंवा वेदना जाणवली तर लगेच सांगा. औषध संपेपर्यंत सहन करत बसू नका.

• इंजेक्शन आणि गोळ्या मूळ खोक्यात, पट्टीतच ठेवा. प्रवासात ऊन आणि उष्णता या दोन्हींपासून जपा. थंड ठेवायचे औषध असेल तर नेण्याची पद्धत औषध देणाऱ्याकडूनच समजून घ्या.

• तुमच्या औषधाने त्वचा उन्हाला संवेदनशील होते का आणि किती दिवस जपायचे, हे प्रत्येक फेरीला डॉक्टरांना विचारा.

• जडीबुटी, काढे आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेत असाल तर ते लपवू नका. उपचार ठरवताना डॉक्टरांना ही माहिती लागते.